कणकेच्या डब्यात हलणारी भुकटी!! पीठ वापरू की टाकू?

चिंगी_ठाणे
मंडळी, जरा किळसवाणा प्रश्न आहे, जेवताना वाचत असाल तर नंतर या.

आमच्याकडे महिन्याचं दळण एकदम आणायची सवय आहे, गहू सिहोर, गिरणी सोसायटीच्या बाहेरचीच. पावसाळा लागला तसं कणकेच्या डब्याच्या झाकणाला आतून आणि काठाला पिवळट तपकिरी भुकटी जमायला लागली, मला आधी वाटलं पीठच उडून बसलंय, पुसून टाकायचे. काल दुपारी खिडकीजवळ डबा उघडला तर ती भुकटी चक्क हलत होती. नीट बघितलं तरी किडा असा दिसत नाही, नुसती धूळ सरकतेय. चाळून बघितलं तर चाळणीत काही म्हणजे काही राहत नाही, सगळं पिठाबरोबर खाली. आणि वास कसातरीच येतोय, पुदिन्यासारखा म्हणावा तर तसाही नाही, गोडूस काहीतरी.

साबा (सासूबाई) म्हणतात चाळ आणि ऊन दाखव. जुलैत ऊन कुठून आणू? नवरा म्हणतो फेक. अर्ध्याहून जास्त डबा शिल्लक आहे हो. शिवाय मुलाला दम्याचा त्रास आहे म्हणून जास्त धाकधूक. कोणाला माहितीये का हे काय असतं?

अजून_एक_काकू
तमालपत्राची चार पानं आणि लवंगा टाकून ठेव गं, माझ्या डब्यात वर्षानुवर्षं असतात, कधी किडा नाही. मिठाचे खडे पुरचुंडीत बांधून ठेवले तरी चालतं.

पोटोबा
फेक. विषय संपला.

अण्णा_वाईकर
पोटोबा, अन्न आहे ते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू भरायचे, कडकडीत उन्हात वाळवून, एरंडेलाचा हात फिरवून, कोठीत बिब्बे आणि कडुनिंबाचा वाळका पाला. पुढच्या पाडव्यापर्यंत काही होत नसे. आता लोक दहा किलोची पिशवी आणतात आणि ओट्याखाली सिंकच्या पाइपाशेजारी ठेवतात, मग किडे होणार नाहीत तर काय.

चिंगी_ठाणे
अण्णा, गव्हाला काही झालं नाहीये, पिठाला झालंय. गहू दुकानातून आणून लगेच दळलेत. आणि हो, डबा ओट्याखालीच आहे :( सिंकच्या बाजूलाच.

किडेमकोडे
चिंगी, कीटकशास्त्र शिकलोय म्हणून जरा लांबण लावतो. आधी हे ठरवायला हवं की आहे कोण, कारण पिठात चार-पाच वेगवेगळी मंडळी येतात आणि प्रत्येकाचं कारण निराळं असतं. सगळ्यांना एकच लवंग दाखवून भागत नाही (काकू रागावू नका).

टोके, म्हणजे ते सोंड असलेले काळपट, ते पिठात वाढूच शकत नाहीत. मादी अख्ख्या दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते, अळी दाण्यातच वाढते. पिठात टोके दिसले तर ते दळल्यानंतर शेजारच्या गहू-तांदळातून चालत आलेत. तांदळाचा डबा आधी बघा.

तांबूस, चपटे, ३-४ मिलिमीटरचे, चाळणीत राहतात आणि पळतात ते पिठातले तांबडे भुंगेरे. हे बरोबर उलटे. अख्खा, न फुटलेला दाणा यांना नीट खाता येत नाही, पीठ, रवा, कणी, फुटके दाणे यावर जगतात. एक मादी आयुष्यात ३००-४०० अंडी घालते, अंडी चिकट असतात, त्यांना पीठ चिकटतं त्यामुळे डोळ्याला दिसतच नाहीत. ३० अंशाच्या आसपास अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत चार-पाच आठवडे. म्हणजे आज चाळून 'स्वच्छ' केलेलं पीठ महिन्याभरात परत भरतं, लोकांना वाटतं नवीन किडे आले, ते जुनेच असतात. फार झाले की क्विनोन नावाची द्रव्यं सोडतात, पिठाला उग्र वास आणि गुलाबी झाक येते. तसं पीठ चाळूनही खाऊ नये.

रव्यात, भरड्यात जाळी धरून गुठळ्या लोंबत असतील तर ती पतंगाची अळी.

आणि तुझ्या वर्णनातली हलणारी धूळ. यात दोन शक्यता. एक म्हणजे माइट्स, किडे नव्हेत, कोळ्याच्या जातकुळीतले, आठ पाय, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून लहान, अगदी हळू सरकतात. दुसरे सोसिड, बुरसटलेल्या पुस्तकात दिसतात ते, साधारण एक मिलिमीटर, सहा पाय, धावतात आणि मध्येच थांबतात. आपल्या पावसाळी स्वयंपाकघरात रव्यात 'पांढरे ठिपके पळतायत' अशी तक्रार असली तर बहुतेक वेळा सोसिड निघतात. पण चाळणीतून सगळं खाली जातंय, काठावर तपकिरी थर आहे आणि पुदिन्याकडे झुकणारा वास आहे, त्यामुळे माझा कौल माइट्सना.

एक सोपी चाचणी कर. ताटलीत थोडं पीठ घे, चमच्याच्या पाठीने आरशासारखं गुळगुळीत दाबून सपाट कर आणि हात न लावता अर्धा-एक तास ठेव. माइट्स भरपूर असतील तर पृष्ठभाग खडबडीत होतो, बारीक बारीक उकरल्यागत. पंखा बंद ठेव मात्र.

गोळीबंद
किडेमकोडे यांनी छान लिहिलंय. मी औषधांच्या बाजूने एक ठळक सांगते. चिंगी, मुलाला दमा आहे ना, मग हे पीठ घरात कोणीच खाऊ नका आणि मुलगा खोलीत असताना चाळू तर मुळीच नका. माइट्सनी भरलेल्या पिठाचे पदार्थ खाऊन तीव्र ॲलर्जी आल्याच्या केसेस वैद्यकीय वाङ्मयात १९९०च्या दशकापासून आहेत, व्हेनेझुएलातल्या डॉक्टरांनी यावर बरंच काम केलंय. पॅनकेक खाल्ल्यावर व्हायचं म्हणून 'पॅनकेक सिंड्रोम' असंच नाव पडलं. खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, श्वास लागणं. आणि भाजल्याने प्रश्न सुटत नाही, माइट मरतो पण त्याच्यातली ॲलर्जी आणणारी प्रथिनं उष्णतेला बरीच टिकतात. ज्यांना धुळीची ॲलर्जी, दमा आहे किंवा ॲस्पिरिन-आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांचा त्रास होतो त्यांच्यात जास्त आढळतं. बाकी सगळ्यांना असं होतं असं नाही, बहुतेकांनी नकळत खाल्लेलं असतं आणि काही होत नाही. पण दम्याच्या पोरावर प्रयोग नको.

पोटोबा
बघा. मी एका शब्दात सांगितलं होतं.

चिंगी_ठाणे
चाचणी केली. बापरे. अर्ध्या तासात गुळगुळीत पिठावर बारीक मुंग्यांनी नांगरट केल्यासारखं झालं होतं. पीठ टाकलं, पिशवीत घट्ट बांधून. साबांचा चेहरा उतरला होता पण भिंग दिल्यावर त्याच म्हणाल्या टाक.

आता पुढचा प्रश्न, डबा नवा घेऊ का? आणि गहू तोच, गिरणी तीच, मग याच वर्षी का झालं?

कोकणी_पोफळी
चिंगी तुझ्या कपाटात सुकं खोबरं किंवा सुकट आहे का आसपास? आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्यात खोबऱ्याच्या वाट्यांवर अशीच भुकटी धरते, हात लावला की खाज सुटते, लहानपणी आजी नारळाच्या माळ्यावर जाऊ द्यायची नाही.

किडेमकोडे
पोफळी, आजी बरोबर होत्या. टायरोफॅगस नावाचा माइट आहे, सुकं खोबरं, सुकी मासळी, चीज, सुकामेवा, तेल आणि प्रथिनं जास्त असलेलं काहीही त्याला आवडतं. खोबऱ्याच्या गोदामात काम करणाऱ्यांना त्याने खाज येते, त्याला खोबऱ्याची खाज असंच म्हणतात. तिथून पिठात जायला वेळ लागत नाही.

डबा टाकायचं कारण नाही. पण 'या वर्षीच का' याचं उत्तर जवळपास नेहमी ओल हे असतं. माइट पाणी पीत नाही, हवेतली आर्द्रता अंगातून शोषून घेतो. हवा साधारण ६५ टक्क्यांच्या वर दमट असली की तो जगतो, वाढतो, त्याखाली कोरडा पडून मरतो. पीठ हवेतली ओल धरतं, पिठाला १४ टक्क्यांपर्यंत पाणी चालतं असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, पण तेवढी ओल माइट्सना मजेत पुरते. ठाणे-मुंबईत जुलै-ऑगस्टला हवेतली आर्द्रता ८० च्या वरच असते, त्यात सिंकशेजारचं कपाट. १५ दिवसांपेक्षा जास्त पीठ अशा जागी ठेवणं म्हणजे आमंत्रण.

गिरणीवाल्याची_सून
माझ्या सासऱ्यांची गिरणी आहे (कुठे ते सांगत नाही, गिऱ्हाइकं वाचतात इथे), तर आतली गोष्ट सांगते.

पहिलं, चक्कीतून पीठ पडतं तेव्हा ते चांगलंच गरम असतं, हात ठेववत नाही कधी कधी. लोक तसंच डब्यात भरतात, घरी येऊन झाकण लावून टाकतात. मग आत वाफ धरते, झाकणाला आतून पाणी सुटतं आणि वरचा थर ओला होतो. चिंगीताई तुमची भुकटी झाकणाला आणि काठालाच जास्त होती ना? तिथेच ओल असते. दळण घरी आणलं की परातीत किंवा स्वच्छ सुती कापडावर पसरून पूर्ण गार करा, मग भरा. एवढ्या एका गोष्टीने निम्मा त्रास जातो.

दुसरं म्हणजे दगड, वरचं हॉपर आणि पीठ पडतं ती कापडी बाही, यात आधीच्या दळणाचं पीठ अडकून राहतं. नीट गिरणीवाला रोज झाडतो, बाही झटकतो, आठवड्याला काढून साफ करतो. न झाडणारेही असतात. भुंगेरे तिथे कायमचे वस्तीला असतात आणि प्रत्येकाच्या पिठात दोन-चार अंडी जातात. सकाळी पहिलं दळण आपलं असेल तर पहिलं ओंजळभर पीठ बाजूला काढायला सांगा. आणि तुमच्या आधी कोणाचं सोयाबीन किंवा चणाडाळ दळली असेल तर तसंही थांबा, चव बिघडते.

तिसरं, गहू धुऊन दळायला आणतात ना, तेव्हा माझ्या सासऱ्यांचं डोकं फिरतं. पावसाळ्यात धुतलेले गहू पंख्याखाली वाळत नाहीत हो, वरून कोरडे लागतात, आत ओल असते. दगडाला चिकटतात आणि ते पीठ आठवड्यात कोंदट होतं. धुवायचेच तर उन्हाळ्यात धुवा.

चिंगी_ठाणे
अगदी बरोबर! मी यंदाच गहू धुऊन द्यायला लागले, व्हिडिओ बघून. आणि गरम पीठ भरते हे तर नेहमीचंच.

अजून_एक_काकू
म्हणजे माझ्या तमालपत्राचं काहीच नाही का?

किडेमकोडे
काकू, तुमच्याकडे किडे होत नाहीत त्याचं श्रेय मी तमालपत्रापेक्षा तुम्हाला देईन, तुम्ही थोडं थोडं दळून आणत असणार आणि डबा कोरडा करत असणार. उग्र वासाने बाहेरून येणारा किडा थोडाफार बिचकतो, प्रयोगशाळेत अर्क काढून वापरला तर परिणाम दिसतो, पण डब्यातल्या चार पानांनी आत असलेली अंडी मरत नाहीत. कडुनिंबाचंही तसंच, खरं औषध निंबोळीत असतं, पाल्यात कमी. अण्णांचं एरंडेल मात्र खरंच काम करतं, दाण्यावर पातळ थर बसतो, अंडी टिकत नाहीत. पण ते धान्याला, पिठाला नाही.

बुलेट_राजा
एवढी चर्चा कशाला राव, आमच्याकडे गव्हाच्या कोठीत सेल्फॉसची गोळी टाकतात, एक किडा राहत नाही. नाहीतर पारद टिकडी. तांदळाला बोरिक पावडर.

गोळीबंद
बुलेट_राजा, प्लीज. सेल्फॉस म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, हवेतली ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. बंद फ्लॅटमध्ये ठेवून घरातली आणि शेजारच्या घरातलीसुद्धा माणसं दगावल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. ते गोदामात, ताडपत्रीखाली, प्रशिक्षित माणसांनी वापरायचं आहे. स्वयंपाकघरात, झोपायच्या खोलीत, कोठीत कुठेच नाही. पारद टिकड्यांत पारा असतो, धान्यात कशाला पुरायचा? आणि बोरिक ॲसिडला खाण्याच्या पदार्थात परवानगी नाही, तांदूळ निदान धुतो तरी, पीठ कसं धुणार?

बुलेट_राजा
शेतावरच्या कोठीबद्दल म्हणत होतो. पण बरं, फ्लॅटवाल्यांनी नका करू. पारद टिकडीबद्दल मात्र आईला विचारतो, तिने पूर्ण पिंपात घातल्यात.

अण्णा_वाईकर
विचारू नकोस, काढून टाक.

बंड्या_श्टुटगार्ट
आमच्याकडे जर्मनीत वेगळीच तऱ्हा. इंडियन स्टोअरमधून दहा किलोची आट्याची गोणी आणतो, इथल्या भाड्याच्या घरांत पतंग हा राष्ट्रीय विषय आहे, सगळ्यांच्याच किचनमध्ये कधी ना कधी होतात. लोक चिकट सापळे लावतात, त्यात मादीचा वास भरलेला असतो, पण त्यात फक्त नर अडकतात, मादी अंडी घालायला मोकळीच. म्हणजे सापळ्याने कळतं की आहेत, संपत नाहीत. मग दुकानात कार्डं मिळतात, त्यावर डोळ्याला जेमतेम दिसतील अशा गांधीलमाश्यांची अंडी, त्या पतंगाची अंडी शोधून त्यात स्वतःची अंडी घालतात. दर तीन आठवड्यांनी नवीन कार्ड कपाटात ठेवायचं. बायको म्हणाली पतंग परवडले. पण गेले खरे.

शेतीमाती
बंड्या, त्या माशीचं नाव ट्रायकोग्रामा असणार! आमच्याकडे सांगलीत उसाला लावतो की आम्ही, खोडकिडीसाठी, ट्रायकोकार्ड म्हणतात. आणि गंमत सांगतो, ती कार्डं ज्या अंड्यांवर बनवतात ती अंडी कोणाची? तांदळावरच्या पतंगाची, तोच जो तुमच्या रव्यात जाळी करतो. प्रयोगशाळेत ज्वारी-बाजरीच्या भरड्यावर तो पतंग मुद्दाम वाढवतात, त्याची अंडी कार्डावर चिकटवतात आणि त्यावर माशी सोडतात. तुमच्या घरात जो नको तो आमच्याकडे पगारी.

किडेमकोडे
शेतीमाती, मस्त. तांबड्या भुंगेऱ्याचाही असाच रुबाब आहे, त्याचा अख्खा जनुकसंच २००८ मध्ये प्रसिद्ध झालाय, जगभरच्या प्रयोगशाळांत पाळतात, पिठातच.

चिंगी, तुझं राहिलं. कपाट रिकामं करून फटी, स्क्रूची भोकं, कागदाच्या खालची बाजू व्हॅक्यूमने ओढून घे, पाणी कमीत कमी वापर, ओल्या फडक्याने पुसलंस तर पंखा लावून पूर्ण वाळव. डबा गरम पाण्याने धुऊन कडक कोरडा कर, झाकणाची खाच टूथब्रशने. आणि महत्त्वाचं म्हणजे जुन्या पिठावर नवीन ओतू नकोस. तळाशी बोटभर उरलेल्यावर ताजं दळण ओततात ना, साखळी तिथे तुटत नाही.

फ्रीजरमध्ये जागा असेल तर ताजं, गार झालेलं पीठ एक-दोन किलोच्या पिशव्यांत उणे १८ ला चार दिवस, मोठी पिशवी असेल तर आठवडाभर ठेव, अंडी-अळ्या-भुंगेरे सगळे जातात. बाहेर काढल्यावर मात्र खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार पिठावर दव धरतं आणि परत ओल. नुसत्या फ्रीजमध्ये लगेच मरत नाहीत, पण वाढ खूप मंदावते.

घरघंटी_प्रेमी
माझा एक प्रश्न घुसवते. बाजरीचं पीठ पाच-सहा दिवसांत कडू होतं ते पण माइट्समुळे का? काचेच्या बरणीत ठेवते, घट्ट झाकण.

गिरणीवाल्याची_सून
नाही हो, बाजरीत तेल जास्त, दळलं की ते उघडं पडतं आणि खवट होतं. किडा असो नसो. बाजरी आठवड्याचीच दळायची, नाहीतर फ्रीजमध्ये. काचेची बरणी मात्र चांगली, तांबड्या भुंगेऱ्यांना स्वच्छ काचेवर चढता येत नाही, तळाशीच फिरत राहतात. टोके चढतात.

घरघंटी_प्रेमी
धन्यवाद. आणि घरघंटी आतून कशी साफ करता सगळे? मी मूठभर तांदूळ दळून घेते शेवटी, पुरेसं आहे का?

गिरणीवाल्याची_सून
तांदळाने आतलं चिकटलेलं निघतं, पण जाळीच्या मागे आणि ती कापडी फिल्टरची पिशवी असते त्यात पीठ बसतं. प्लग काढून, जाळी काढून कोरड्या ब्रशने झाडा, पिशवी उलटी करून गॅलरीत झटका आणि महिन्यातून एकदा धुऊन उन्हात. पावसाळ्यात धुऊ नका, नुसती झटका, किंवा कंपनीकडून दुसरी पिशवी मागवून ठेवा.

चिंगी_ठाणे
डबा आता ओट्यावर आलाय, तीन-तीन किलोचं दळण आणायचं ठरलंय, नवरा कुरकुरतोय कारण गिरणीत जायचं काम त्याचं. रव्याचं विचारायचं राहिलं, भाजून ठेवला तर पावसाळाभर टिकेल ना?

किडेमकोडे
भाजल्याने आतले मरतात आणि ओल जाते, पण नंतर बाहेरून येणाऱ्यांना तो तितकाच आवडतो. पूर्ण गार करून रबराची रिंग असलेल्या झाकणाच्या बरणीत भर, भाजणीचंही तेच. पावसाळाभर म्हणशील तर मी अर्धा किलोच भाजेन.